मोज्याची बाहुली बोलली

रातभर झोपली नाही मी, बायाहो. पोरीच्या मॅडमनं आज शाळेत बोलावलं होतं, त्याचाच धाक.

माही पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही. म्हणून मॅडमनं पुस्तक बाजूले ठेवून जुन्या मोज्यांच्या बाहुल्या बनवून दिल्या. मॅडमनं सांगितलं, तिची बाहुली सगळ्यांसमोर बोलली, "मारू नको गा बाबा, आई भाकर टाकूनच राहिली."

मी मॅडमले म्हटलं, टीव्हीत पाहिलं असन.

पोरीनं बाहुली हातात घातली अन् मलेच म्हणाली, "खोटं नको बोलू वं आई."

नवऱ्याच्या कानावर हे गेलं तर तो पोरीले सोडणार नाही.

माहा भाऊ विजू कळमन्याच्या बाजारात हमाली करते. मी पळून लग्न केलं म्हणून तो माहा फोन उचलत नाही. ग्रुपवर कोणी ओळखत असन तर त्याले फोन लावा. सांगा, बहीण पोरीले घेऊन शाळेतच बसून आहे.