रोझिमुरात-अकांची पंचेचाळीस आमंत्रणं

आमच्या कोकंदच्या गल्लीत लग्न ठरलं की सांगावा आधी रोझिमुरात-अकांना जातो, मग आचाऱ्याला. अका, म्हणजे आमच्या बोलीत थोरले दादा, कर्णा वाजवतात. पुरुषभर उंचीचा तो पितळी कर्णा आभाळाकडे उचलून त्यांनी फुंकला की तीन गल्ल्यांतली कुत्री धूम ठोकतात. यंदा मात्र उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नेटानं नेला तर अका असे कळवळून ओरडत, की कर्ण्याची गरजच उरू नये. आणि दीड महिन्यावर त्यांच्याच लेकीचं, ग्युलचेहराचं लग्न!

"पलीकडच्या गल्लीतल्या तुर्गूनला बोलवू," बायको अनोरखॉन म्हणाली.

"माझ्या पोरीच्या दारात तुर्गूनचा कर्णा? त्यापेक्षा मी शिट्टी वाजवीन!"

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी नोदिरा म्हणाली, "अका, खांद्यातली स्नायूची दोरी हाडाखाली चिमटतेय. आजूबाजूचे स्नायू बळकट करू. काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर बरगडीला चिकटलेलं, रबर धरून पंजा पोटापासून हळूहळू बाहेर. पंधरा वेळा, तीन खेपा. मर्दुमकी दाखवायची नाही."

अकांनी सायकलची जुनी ट्यूब कापली. ती अडकवायला घरादारात पक्का आकडा एकच, फाटकाच्या दोन झडपांपैकी बंद झडपेला, आतून. मग उघड्या झडपेच्या जागी, रस्त्याकडे तोंड करून अका उभे. रस्त्यावरून ट्यूब दिसेना. दिसे तो फक्त पोटापासून बाजूला जाणारा हात.

आता दारातल्या माणसानं असा हात केला की आमच्याकडे अर्थ एकच: या, चहा घ्या. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मोडवत नाही. अका तर पंधरा वेळा बोलावत होते!

पहिल्या दिवशी सुतार आत गेला, मग टपालवाली, मग मी. मला फाटकाजवळ गेल्यावर ट्यूब दिसली होती, खोटं कशाला बोलू? पण अनोरखॉनचा जर्दाळूचा मुरांबा!

"अहो, हा व्यायाम आहे की खानावळ?" ती करवादली. "घरात करा की!"

"घरात आकडा आहे का?"

तिसऱ्या आठवड्यात अकांनी एकदा दांडी मारायचं ठरवलं. आम्ही पाच जण फाटकाशी हजर.

"अका, आजचे पंचेचाळीस राहिलेत."

"तुम्हांला काळजी खांद्याची की मुरांब्याची?"

"दोन्ही तुमच्याच हातात आहेत."

शिव्या घालत अका उभे राहिले. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड फाटकाशी आलं. पाहुणा म्हणून तुर्गूनही आलेला, कर्णा 'सहज' गाडीत ठेवून. अकांनी कर्णा उचलला. छाती, हनुवटी, खांदा... आणि हात थबकला. अनोरखॉननं रुमालाचं टोक दातांत धरलं. मग कर्णा सरळ आभाळात गेला. कुत्री पळाली.

कर्णा भिंतीला टेकवून अकांनी वऱ्हाडाला आत बोलावलं. कोपर बरगडीला, पंजा पोटापासून बाहेर. वऱ्हाडानं दोनदा आढेवेढे घेतले, तिसऱ्यांदा आत गेलं. अकांचा हात चालूच.

"अहो, पुरे! सगळे आत आले!"

"थांब गं, नववा झाला."

रस्त्यात तुर्गून एकटाच उरला होता. पंधराव्याला तोही आत आला.