चांगुणाबाईचं जपानी धिरडं

१९९५ साली आमच्या कारखान्यात जपानहून एक मोठं प्रेस मशीन आलं आणि ते उभं करून द्यायला फुजिता साहेब आले. नगरच्या एमआयडीसीत मी तेव्हा फिटर होतो. साहेबांच्या हाताखाली माझी नेमणूक झाली, आणि दुपारी त्यांना काय खायला घालायचं हा प्रश्नही माझ्याच गळ्यात पडला. कॅन्टीनची आमटी त्यांनी पहिल्या दिवशी खाल्ली आणि पुढचे दोन दिवस ते कामावर आले नाहीत. मग केळी आणि बिस्किटं सुरू झाली. महिनाभरात माणसाचा पट्टा दोन भोकं आत गेला.

गेटसमोर चांगुणाबाईची हातगाडी असायची. सकाळी पोहे, दिवसभर चहा आणि भजी. बाई पाथर्डीकडची. लग्नानंतर अकरा हंगाम तिनं नवऱ्याबरोबर ऊस तोडला होता. बाराव्या हंगामात उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढताना तिचा नवरा आसाराम फळीवरून घसरला आणि त्याची कंबर कायमची गेली.

"तवाच ठरीवलं, रंगनाथभाऊ," ती मला सांगायची. "काय बी करीन, पर आता कोयता न्हाई."

ती आसारामला घेऊन नगरला आली, नागापुरात एक खोली बघितली आणि गाडी लावली. तो स्टुलावर बसून कांदा कापायचा, ती तळायची. गाडीच्या खांबाला बुद्धाची एक छोटी तसबीर बांधलेली होती. फुजिता साहेबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात जोडले. "आपल्यातलाच दिसतोय की," बाई म्हणाली आणि त्यांच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली.

एके दुपारी तिनं आसारामपुरतं तव्यावर धिरडं टाकलं होतं. साहेब ते बघून जागीच थांबले. खिशातला कागद काढून त्यांनी चित्र काढलं: एक जाड गोल चकती, शेजारी कोबीचा गड्डा, अंडं आणि दोन उलथणी. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं, पण मला एवढं कळलं की त्यांच्या ओसाका शहरात स्टेशनला लागून एका म्हातारीची टपरी होती आणि शाळा सुटली की ते रोज तिथं हे खायचे. नाव सांगितलं, ओकोनोमियाकी.

"काय म्हनतोय?" बाईनं विचारलं.

"कोबीचं धिरडं मागतायत. मैद्याचं, अंडं घालून."

"मंग त्यात काय अवघड हाय? उद्या या म्हनावं."

अवघड होतं. दुसऱ्या दिवशी तिनं केलेलं धिरडं साहेबांनी खाल्लं, मान लववली आणि "गुड, गुड" म्हणाले. मी खूश झालो. बाईनं मात्र त्यांची प्लेट माझ्यापुढं धरली. निम्मं तसंच होतं.

"तोंड गुड म्हनतंय. ताट काय म्हनतंय ते बघ."

नंतरचे दहा-बारा दिवस ती रोज नवीन काहीतरी करत होती. पीठ पातळ केलं, घट्ट केलं, रात्रभर आंबवून पाहिलं, तांदळाची पिठी घातली. तवा लहान पडतो म्हणून माझ्याकडून भंगारवाल्याकडची जाड लोखंडी प्लेट आणवली. मी ती घासून दिली आणि तिनं दोन दिवस तेल-कांदा चोळून तिला काळी तुकतुकीत केली. साहेब रोज "गुड" म्हणायचे आणि रोज थोडं उरायचं. आसाराम वैतागला. "एका गिऱ्हाइकापायी किती कोबी घालवायचा?"

"मला जमत कसं न्हाई तेवढं बघू दे," ती म्हणाली.

शेवटी तिनं साहेबांचा हात धरून त्यांना गाडीच्या मागच्या बाजूला उभं केलं आणि उलथणी त्यांच्या हातात दिली. "आता तूच करून दाव."

साहेब लाजले. मग बाह्या सरसावल्या. त्यांनी कोबी एवढा बारीक चिरला की ढीग झाला, आणि त्यात पीठ घातलं ते जेमतेम ओंजळभर. प्लेटवर गोळा टाकला आणि हात मागे घेऊन स्वस्थ उभे राहिले. बाईनं सवयीनं उलथणं दाबायला पुढं केलं तसे ते ओरडले, "नो! नो!"

बाई डोक्याला हात लावून हसायला लागली. "आगं बया! आमी पिठात भाजी घालतो, ह्यो भाजीत पीठ घालतोय. आन् मी मेली दाबून दाबून त्याचा जीव घेत हुते."

वरून लावायचा सॉस तिनं स्वतः जुळवला. चायनीजच्या गाडीवरून आणलेला सोया सॉस, चिंच, गूळ आणि टोमॅटो. त्यानंतर चौथ्या दिवशी फुजिता साहेबांनी अख्खं धिरडं संपवलं, "गुड" म्हणायचं विसरले आणि दुसऱ्या धिरड्यासाठी प्लेट पुढं केली. बाईनं अंडं फोडलं.

तिथून पुढं साहेबांचं रोजचं जेवण ठरलं. आमच्यातले दोघं-चौघंही खायला लागले. ते लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे नुसतं "ओको" म्हणत.

दिवाळीला मी आठ दिवस पारनेरला घरी गेलो. परत आलो तर गेटसमोर एकही गाडी नाही. बाहेरचे पाहुणे येणार म्हणून आमच्या नव्या मॅनेजरनं सगळ्यांना हटवलं होतं. मी नागापूरला गेलो तर खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गावाकडून निरोप आल्ता. दोघं बी गेली."

बाईनं पुन्हा कोयता धरला की काय, असं मला वाटलं. ऊसतोडणीच्या टोळ्या निघायचे दिवस होते. रस्त्यानं बायका-पोरं, शेळ्या, भांडी भरलेले ट्रक रोज साखर कारखान्यांकडे चालले होते.

फुजिता साहेबांना मी कसंबसं समजावलं. ते पुन्हा बिस्किटांवर आले होते. त्यांनी पुडा बाजूला सारला आणि म्हणाले, "संडे. वी गो."

रविवारी आम्ही एसटीनं पाथर्डी गाठली आणि तिथून जीपनं तिच्या वस्तीवर गेलो. निम्म्या घरांना कुलपं होती. उरलेल्यांत म्हातारी माणसं आणि लहान लेकरं. चांगुणाबाईची सासू, लंकाबाई, दारात ज्वारी निवडत होती. तिनं साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चांगुणा तोडणीला गेली का, आजी?" मी विचारलं.

"न्हाई गेली," म्हातारी म्हणाली. "धाकटा ल्योक छगन, त्याच्या जोडीला बाई पायजे हुती, तोडीला जोडीनंच घेत्यात. सगळ्यांनी मिळून बोलावलं तिला. मुकादम बसला हुता हितं. ती म्हनली, मी तुमच्या लेकराला भाकर घालीन, आजारपन काढीन, पर तोडीन न्हाई. भांडली, रडली, न् तशीच उठून नवऱ्याला घेऊन नगरला गेली. तीन दिस झाले." मग थांबून म्हणाली, "मी बी बोलले तिला लई. भेटली तर म्हनावं, सासूच्या मनात काय न्हाई."

आम्ही उन्हाचेच मागे फिरलो. नगरला उतरल्यावर माळीवाड्याच्या स्टँडबाहेरच एका रसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कोबीवाली बाई ना? परवा इथंच होती. गाडीला जागा मिळाली नाही. तारकपूरकडे बघा."

तारकपूरच्या स्टँडबाहेर भिंतीला लागून निळ्या ताडपत्रीखाली गाडी दिसली. आसाराम कोबी चिरत होता. प्लेटवर चार ओको होते आणि समोर तीन कंडक्टर आणि एक कॉलेजची मुलगी उभी होती.

साहेब पळतच गेले. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. बाईनं पदरानं कपाळ पुसलं, त्यांना बसायला स्टूल दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कुठं राहतोस ते कधी सांगितलं न्हाईस, भाऊ. निरोप कुठं धाडनार हुते मी?"

"पण इथं ओको कोण खाणार, बाई? भजी का नाही टाकली?"

"भज्याच्या सात गाड्या हायेत हितं. भजी टाकली आसती तर मला कुनी हुबं राहू दिलं नसतं. म्हनलं, जे कुनापाशी न्हाई तेच टाकू. पयल्या दिवशी दोन खपले. काल नऊ. हिरवी मिरची घातली की खात्यात लोक." तिनं साहेबांचा ओको वेगळा, बिनमिरचीचा टाकला.

मी सासूचा निरोप सांगितला. तिनं उलथणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "संक्रांतीला आनते तिला हिकडं."

आणलंही. म्हातारी महिनाभर राहिली आणि लसूण सोलून द्यायला लागली.

फेब्रुवारीत मशीन सुरू झालं आणि फुजिता साहेब गेले. जायच्या दिवशी ते तारकपूरला येऊन दोन ओको खाऊन गेले. आता ही बाई भज्यांवर येईल असं मला वाटलं होतं. ती आली नाही. तिथून तिला नगरपालिकेनं आणखी दोनदा हलवलं. दोन्ही वेळा ती शंभर पावलं सरकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट तापत होती. ड्रायव्हर-कंडक्टर गाडी लागायच्या आधी तिच्याकडे यायचे. मी बायको-मुलीला घेऊन रविवारी जायचो. मुलगी एकट्यानं दीड खायची.

१९९९ मध्ये नगरपालिकेनं स्टँडजवळच्या गाडीवाल्यांची नोंद करून त्यांना नंबर दिले. मी सोबत गेलो होतो. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव? धंदा?"

"चांगुणा आसाराम. जपानी धिरडं."

त्यानं 'भजी' लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाईला वाचता फारसं येत नव्हतं, पण 'भजी' तिला ओळखू आली. "भजी न्हाई सायेब."

"अहो बाई, एकच ते."

"एक कसं आसंल? या खायला, मंग कळंल."

मागं रांग वाढली. कुणीतरी ओरडलं. बाई टेबलाची कड धरून उभी राहिली, हलली नाही. शेवटी कारकुनानं 'भजी' खोडलं, चष्मा सारखा केला आणि तिला विचारून, एकेक अक्षर सावकाश लिहिलं: जपानी धिरडं.