फांदी धरलेले मासे

श्यामकांत अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता आणि मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. चहातली साखरसुद्धा तो चमचा सपाट करून घालायचा. अण्णा, म्हणजे त्याचे वडील गेल्यावर त्यानं आईला देवगडहून बदलापूरच्या ब्लॉकमध्ये आणलं. माईला समुद्रावाचून करमेना, म्हणून त्र्याण्णव साली त्या पठ्ठ्यानं समुद्रच घरात आणायचं ठरवलं.

उल्हासनगर कॅम्प चारमधून काचेची टाकी आली, पोवळ्याची वाळलेली फांदी आली आणि लक्षद्वीपकडची माशांची एक जोडी. बोटभर लांबीचे मासे. निळसर-हिरव्या अंगावर नारिंगी ठिपक्यांच्या ओळी, नळीसारखं निमुळतं तोंड आणि डोक्यावर एक काटा. घाबरले की काटा उभा करायचे, एरवी मिटून ठेवायचे.

"पहली बार मंगाया है, साब. क्या खाएगा, आप ही देखो," दुकानदारानं सरळ सांगून टाकलं होतं.

श्यामकांतनं जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नळाला येणारं पाणी दोन दिवस बादल्यांत ठेवून त्यातला क्लोरीन उडवला, खास मीठ तोलून घातलं. मासे एकमेकांना सोडून वीतभरही लांब जात नसत. कोळंबीचा कीस टाकला तर नुसते बघत राहायचे. पण दिवेलागणीला दोघंही शेजारी शेजारी फांदीला तोंड लावायचे. श्यामकांत हरखून जायचा आणि वहीत तारीख घालून लिहायचा, 'खाल्लं.' मग माईच्या हातात ताट दिसलं की त्याचं दुसरं समाधान व्हायचं.

"ते खात नाहीयेत रे," एकदा माई म्हणाली. "पोटं बघ, खपाटीला गेलीत."

"माई, बारा दिवसांची नोंद आहे माझ्याकडे!"

नोंदीपुढे माई बिचारी काय बोलणार?

तरी त्यानं मत्स्यशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं. उत्तर शनिवारी दुपारी, ऐन जेवणाच्या वेळी आलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. 'हे मासे उथळ, उबदार समुद्रात जिवंत पोवळ्यांतच राहतात आणि त्यातले बारीक जीव टिपूनच जगतात. तुमची फांदी मेलेली आहे. झोपेत पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून ते ती तोंडात धरतात, खात नाहीत.'

श्यामकांतनं पत्र खाली ठेवलं. "मी यांना उपाशी ठेवलं, माई."

"तुला काय ठाऊक होतं? तू जीवच लावलास त्यांना."

त्यानं वर पाहिलं. माईच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. ताटात सगळं चिवडलेलं होतं, कमी काहीच झालं नव्हतं. हातातली पाटली घसरून पार कोपराशी गेली होती.

"माई, तू जेवतेस ना गं इथे?"

माई हसली, पण तिचे डोळे भरून आले. "तू आलास की ताट घेऊन बसते. तुला बरं वाटतं."

चौथ्या दिवशी दोन्ही मासे गेले. श्यामकांत लहान मुलासारखा रडला. मग त्यानं रजा टाकली, माईला घेऊन देवगड गाठलं आणि घराचं कुलूप काढलं. शेजारच्या अंजनानं गरम पेज आणि सुकटाची चटणी आणून दिली. माई पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसली, पेज संपवली आणि वाटी पुन्हा पुढे केली. नंतर आणखी किती वेळा केली, ते श्यामकांतनं मोजलं नाही.