हाडापाशी गार

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत कपडे अल्टर करून देणारी एक मावशी आहे. तिच्या ओठांत सदैव दोन टाचण्या असतात, म्हणून सगळे तिला टाचणीमावशी म्हणतात. टाचण्या तोंडात धरून ती हसू शकते, गिऱ्हाइकाला झापू शकते, आणि एकदा तर शिंकलीही होती. टाचण्या जागच्या हलल्या नाहीत. "मी कापड सोडून देईन, पोट कमी करून देणार नाही," असं ती भल्या भल्या माणसांना ऐकवते आणि भली माणसं मुकाट्यानं पोट आत घेतात.

अशी ही खमकी बाई दुपारी मात्र मधूनच थबकते. मशीनवरचा पाय थांबतो, मान वर होते.

"वाजलं का काही?"

"नाही मावशी."

"टीं टीं टीं झालं नाही?"

"नाही हो."

"बरं." आणि पाय पुन्हा सुरू.

वाजणारी वस्तू तिच्या घरात, पहिल्या मजल्यावर आहे. ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह, आणि त्यावर तिनंच शिवलेलं राखाडी कव्हर. शिलाई इतकी मापात, की नवखा पाहुणा दचकतो; कुणीतरी गुडघ्यांत डोकं घालून बसलंय असंच वाटतं. प्लग काढलेला, वायर गुंडाळून सुतळीनं बांधलेली. तरी तो वाजतो, असं मावशीचं म्हणणं.

झालं होतं ते असं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हौसेनं हा मायक्रोवेव्ह आणला. काही दिवस घरात पाणीसुद्धा त्यातच तापे. एका रविवारी मावशीनं त्यात कोंबडीच्या तंगड्या शिजवल्या. शिजल्या की नाही कसं कळणार? तिनं आपल्या धंद्याचं हत्यार काढलं. टाचणी धुतली, टोचली, रस स्वच्छ आला, लाली नाही. तंगड्या ताटात गेल्या. मुलगी बाहेरगावी होती, मावशीची दाढ ठणकत होती. खाल्लं एकट्या काकांनी. मग उलट्या, जुलाब, ताप. दवाखान्यातून परत आले ते काटकी होऊन, आणि थोड्याच दिवसांत हृदय बंद पडून गेले.

"कोंबडीमुळे का हो?" मावशीनं डॉक्टरांना विचारलं.

"हृदय आधीच थकलेलं होतं. सांगता येत नाही."

डॉक्टर सुटले, मावशी अडकली. ते 'हो' म्हणाले असते तर ती रडून मोकळी झाली असती. 'नाही' म्हणाले असते तर झोपली असती. 'सांगता येत नाही' मात्र घरात पाहुण्यासारखं येऊन राहिलं आणि जायचं नाव काढेना. तेव्हापासून तिनं कुणासाठी मांस शिजवलं नाही. भाज्याही ती अशा उकळायची, की गाजर कुठलं आणि भोपळा कुठला, हे विचारूनच घ्यावं लागे.

या वर्षी मुलगी घरी आली. ती बेकरीत कामाला आहे. पोटाचं ऑपरेशन झालेलं, अंगात त्राण नाही. अंडी-मांस खा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मावशी तिला डाळीचं पाणी आणि उपदेश असा दुहेरी आहार देत होती.

एका संध्याकाळी दुकान बंद करून मावशी जिना चढत होती आणि वाजलं. टीं टीं टीं. तिनं कठडा धरला. वरून शेजारी उतरत होते.

"वाजलं का काही?"

"हो, तुमच्याकडेच वाजलं वाटतं."

मावशीच्या ओठांतल्या टाचण्या पायरीवर पडल्या.

वर कव्हर काढलेल्या मायक्रोवेव्हपाशी मुलगी कोंबडीची बशी घेऊन उभी. मावशीनं तिचं मनगटच धरलं. "खाल्लंस? खरं सांग, किती खाल्लंस?"

"अगं, वाफ तर जाऊ दे! हात सोड आई, टाके दुखतात."

मग खुर्चीत बसून मावशीनं पहिल्यांदाच टाचणीची हकीकत सांगितली. मुलीला फक्त हृदयाचंच माहीत होतं. तिनं बशी बाजूला सारली.

"कुठे टोचली होतीस?"

"जिथे जाड होतं तिथे."

"हाडापर्यंत?"

मावशीनं पदरातली एक टाचणी काढून समोर धरली. बोटाच्या पेराएवढी.

"उद्या मोजून बघू," मुलगी म्हणाली.

"गेलेल्या माणसाचं काय मोजतेस?"

"त्यांचं नाही. ह्या डब्याचं." मुलीनं मायक्रोवेव्हकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी मुलीनं बेकरीतला लांब सळईचा थर्मामीटर मागवून घेतला. मावशीनं सगळं तेव्हासारखंच केलं. तंगड्या एकीवर एक रचल्या, झाकण नाही, उलटणं नाही, वाजताक्षणी बाहेर. टाचणी टोचली. रस स्वच्छ. थर्मामीटर कडेला खुपसला तर आकडा ऐंशी अंशांच्या पुढे. मुलीनं सळई आत, हाडालगत सरकवली आणि आकडा उतरत उतरत बावन्नवर थांबला. दुसरी तंगडी बरी निघाली. तिसरी आत नुसतीच कोमट.

"म्हणजे मीच," मावशी म्हणाली.

मुलीला खोटं बोलता आलं असतं. "आजारी ह्यानं पडले असतील," ती म्हणाली. "हृदयाचं मलाही सांगता येत नाही."

त्या तंगड्या कचऱ्यात गेल्या. हात, ताट, सळई गरम पाण्यानं साबण लावून धुतली आणि मुलीनं नव्या तंगड्या मांडल्या. एकेरी, जाड बाजू ताटलीच्या कडेला, वर झाकण, वाफेला जरा फट. निम्म्यात बाहेर काढून उलटल्या, जागा बदलल्या. टीं टीं टीं झालं तशी मावशी उठली.

"बस. वाजलं म्हणजे झालं नाही. झाकून राहू दे, कडेची ऊब आत पोचायला वेळ लागतो."

दवाखान्यातल्या बंद दाराकडे पाहावं तशी मावशी त्या झाकणाकडे पाहत होती. मग प्रत्येक तंगडीत दोन-तीन ठिकाणी, हाडाला न टेकवता, सळई घातली. शिजली म्हणायला आकडा चौऱ्याहत्तरच्या खाली कुठे येता कामा नये. एकीत सत्तर आलं. सगळ्या पुन्हा आत गेल्या. परत थांबल्या, परत मोजलं.

"खाऊ?"

मावशीनं सळई धुतली, स्वतः पुन्हा एकदा घातली, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरला. "खा."

मुलगी खाऊ लागली. मावशी तिच्या घशाकडे बघत राहिली.

"कशी झालीय?"

"मीठ कमी आहे."

"मीठ कमी असलं की लगेच कळतं, नाही?"

"कळणारच की."

"आणि आत कच्चं असलं तर?"

मुलीचा हात ताटावरच थांबला. "तेही कळतं, आई."

"तेच म्हणते मी. पहिल्याच घासाला कळलं असणार त्यांना. मी समोरच बसले होते, गालाला हात लावून. विचारलं, कशी झालीय?" मावशीनं मिठाचा डबा उघडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "म्हणाले, झकास. अजून एक वाढ."