पदरात घेतलेल्या गोळ्या

माझ्या नोकरीत मला सगळ्यात नकोसं वाटायचं ते पिवळ्या पिशवीचं काम. सुरतेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी फार्मासिस्ट आहे. मुदत संपलेली आणि रुग्णांनी मागे ठेवलेली औषधं पिवळ्या पिशवीत भरून, जाळायला नेणाऱ्या गाडीत द्यायची, हे माझ्याकडे. मुदत संपलेल्यांचं एक वेळ समजायचं. मागे ठेवलेल्या स्ट्रिप मात्र नव्याकोऱ्या असायच्या. पण एकदा वॉर्डात गेलेलं औषध आम्ही परत कपाटात ठेवत नाही. ते किती उकाड्यात पडून होतं, कोण सांगणार?

माझे वडील इथेच, सुरतेच्या लिंबायत भागात, लूमवर म्हणजे यंत्रमागावर कामाला होते. मी खान्देशात मामाकडे राहून तालुक्याच्या शाळेत शिकले. घरातली पहिली पदवी माझी. एक गोळी मोडून दोघांना पुरवलेली मी घरी पाहिली आहे, त्यामुळे ती पिशवी बांधताना हात जड व्हायचा.

गोळ्या मागे का राहतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. आमच्या खान्देशाकडच्या बऱ्याच बायका दवाखान्यातून घरी निघताना तिथलं औषध बरोबर नेत नाहीत. नेलं तर दुखणं मागोमाग येतं म्हणतात. माझी आईही त्यातलीच. वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा गोळ्यांबरोबर ती थर्मासही तिथेच ठेवून आली, आणि थर्मास शेजारणीचा होता!

एका दुपारी वॉर्डात गेले तर एक खाट नुकतीच रिकामी झालेली. लिंबायतची एक तरुण सून सकाळपर्यंत त्या खाटेवर होती. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. शेगडीजवळ फिट येऊन पडली आणि तिचा हात भाजला. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक दिवसही गोळी चुकवायची नाही, नाहीतर पुन्हा फिट येईल. सकाळी मीच तिला महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या उशीखाली होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

पाकीट घेऊन मी जिने उतरत धावले. फाटकाबाहेर तिची सासू रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती. सून आत बसलेली, हाताला पट्टी.

"मावशी, गोळ्या राहिल्या!"

"राह्यन्या नहीत, ठेयेल शेतस," ती अहिराणीत म्हणाली. राहिल्या नाहीत, ठेवल्यात. "दवाखानानं औषध घर नही लई जातस, माय."

मी डॉक्टरांचं सगळं सांगून पाहिलं. पुन्हा शेगडीजवळ पडली तर काय, तेही सांगितलं. सासू ऐकून घेत होती, पण हात पुढे करत नव्हती. "शिकेल पोर, माले शिकाडस!" शिकलेली पोर मलाच शिकवते, म्हणून हसलीसुद्धा. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. सून माझ्याकडे बघत होती. तिला गोळ्या हव्या होत्या, हे दिसत होतं. सासूसमोर बोलणार कशी?

मला आईचा थर्मास आठवला. शेजारीण दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तो घेऊन आली होती आणि तिच्या हातून आईने तो बिनतक्रार घेतला होता, वर त्यातच चहा भरून तिला पाजला होता.

"मावशी, तुम्ही आतून काही आणलंच नाही ना?" मी म्हटलं. "मी आणलंय. आपण उभ्या आहोत रस्त्यावर. हे आता माझ्या हातचं घ्या."

तिने फाटकाकडे पाहिलं, पायाखालच्या रस्त्याकडे पाहिलं.

"तू कोठली शे वं?"

"अमळनेरकडची."

"मंग आधी सांगनं नही का!" असं म्हणून तिने पदर पसरला. ओटी भरावी तसं मी ते पाकीट पदरात टाकलं. रिक्षात सून खुदकन हसली.

दुसऱ्याच दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना भेटले. आमच्या औषधालयाला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी आहे, तिच्यापुढे खोक्यांची रास होती. घरी न्यायच्या गोळ्या निघताना तिथून, बाहेर उभ्या माणसाला द्याव्यात, असं मी सुचवलं. "हे कसलं शास्त्र?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शास्त्र गोळीत आहे सर, पण ती पोटात तर जायला हवी." ते हसले आणि खोकी हलवायला माणूस दिला.

पिवळी पिशवी बंद झालेली नाही. मुदत संपायची ती संपतेच. पण मागे राहिलेल्या स्ट्रिप आता क्वचित सापडतात. वॉर्डातली गुजराती सिस्टर चिडवते, "बेन, तमारी थेली तो खाली छे!" ताई, तुमची पिशवी तर रिकामीच.

महिन्याने ती सासू पुढच्या गोळ्यांसाठी खिडकीशी आली. सून बरोबर होती. पुन्हा फिट आली नव्हती, आणि ती खडे चिकटवायला बसू लागली होती. मी काही बोलायच्या आत सासूने पदर पसरला. मागे रांगेत एक गुजराती काका होते. त्यांना वाटलं, इथली रीतच असेल. त्यांनी मुकाट्याने खिशातला रुमाल काढला आणि दोन्ही हातांवर पसरून उभे राहिले.