होकाराची मान

आमच्या शाळेतली मुलं कशालाही मान हलवायची. "पाणी प्यालास?" मान. "गणित कळलं?" मान. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे?" तरी मान, आणि वर गोड हसू. बहिऱ्या मुलाला एवढं नक्की कळतं, की समोरचा माणूस आपल्याकडून काहीतरी मागतोय. काय मागतोय ते नाही कळलं, तर त्यातल्या त्यात स्वस्त वस्तू देऊन मोकळं व्हायचं, ती म्हणजे होकार. मी तेव्हा त्या शाळेची मुख्याध्यापिका होते आणि ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी आपली पोरांचा दंड धरून म्हणायची, "मान नको हलवू. काय कळलं ते करून दाखव." मोठा दरारा होता बाईंचा.

मुख्याध्यापिका म्हणजे कोणी कर्तबगार बाई डोळ्यांसमोर आणू नका. आदिलाबादेतली ती मूकबधिर मुलांची शाळा एक संस्था चालवायची. कापसाच्या बाजाराच्या मागे होती, हंगामात खिडकीतून कापूस उडत येऊन मुलांच्या केसांत बसायचा. कोणाची आई 'नीळ्ळू' म्हणायची, कोणाची 'पाणी', आणि दोघांनाही ऐकू येत नसल्यामुळे भाषेवरून भांडण नव्हतं. आधीच्या बाई सोडून गेल्या, माझ्याकडे बी.एड. होतं. खुर्ची रिकामी होती आणि मी शेजारी उभी होते, इतकंच.

तेही माझ्या लेखी चार दिवसांचं. आमच्या ह्यांची बँकेतून नागपूरला बदली झाली होती. सासूबाई आणि सहा वर्षांची लेक त्यांच्याबरोबर गेल्या होत्या, लेकीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं होतं. मी दिवाळीपर्यंत राजीनामा देऊन जायचं, असं ठरलेलं.

आणि मंजुरी आली.

संस्थेचे अध्यक्ष कापसाचे अडते. शाळेत आले की आधी मुलांना शेंगदाणे वाटायचे, मग बोलायचे. त्या दिवशी शेंगदाणे न वाटताच म्हणाले, "बाई, सरकारनं मंजुरी देल्ली! अशा शाळा चालवणाऱ्यांना हैदराबादेत ट्रेनिंग हाय. शिकवणाऱ्यांना नाई, चालवणाऱ्यांना. म्हंजे तुमालेच."

"पण मी तर दिवाळीला..."

"जाण्यायेण्याचं, राह्यण्याचं, खाण्याचं, सारं मंजुरीतून. काऊन सोडता?"

तेव्हाची मी फार हुशार होते. मनात म्हटलं, फुकटात शहर बघू, सर्टिफिकेट घेऊ, ते ट्रंकेत टाकू आणि त्याच्या जोरावर नागपुरात याहून मोठ्या शाळेत खुर्ची पटकावू. अध्यक्षांना आपण कसं गुंडाळलं, या आनंदात त्या बयेने काळा गॉगल विकत घेतला. खोटं नाही सांगत.

हैदराबादेत मोठा हॉल होता, आंध्रभरातून आलेले मुख्याध्यापक होते. मी गॉगलसकट पहिल्या रांगेत. शिकवणं इंग्रजीत, साहेबांना भरून आलं की तेलुगूत. माझं माहेर यवतमाळकडचं, शिक्षण सगळं मराठीत. इंग्रजी फळ्यावर असेल तर कळायचं, तोंडात असेल तर नाही. तेलुगू भाजीबाजारापुरतं. वांगी कशी दिली, एवढं विचारता येई. या साहेबांनी वांग्यांचा विषय काही काढला नाही.

पहिल्याच सकाळी मोठे साहेब आले. पुष्कळ बोलले. मग एकेकासमोर उभे राहून प्रत्येकाला काहीतरी विचारू लागले. जो तो मान डोलवी. माझी पाळी आली. मला वाटलं, राहण्याखाण्याची काही गैरसोय आहे का, असं विचारताहेत. म्हणून मी 'नाही' म्हणून मान हलवली, इकडून तिकडे, छान हसून. साहेबही हसले आणि पुढे गेले. मागोमाग एक कागद फिरला. सगळ्यांनी सही केली, मीही केली. झोकात.

दुपारी जेवताना निजामाबादचे एक वयस्क मुख्याध्यापक शेजारी बसले. आमचं दोघांचं हिंदीत जमायचं. त्यांनी आमटी ओरपत विचारलं, "मॅडम, आपके मियाँ तो नागपूर में हैं बोले थे ना? फिर आप पाँच साल कैसा रहते?"

"कौनसे पाँच साल?"

"वो जो आप सुबह गर्दन हिलाए ना, वो."

तर असं होतं. या मंजुरीतून जो शिकणार, त्याने परत जाऊन त्याच खुर्चीत पाच वर्षं बसायचं. साहेब प्रत्येकाला विचारत होते, सोडून जाणार नाही ना? माझ्या मुलखातलं 'नाही' त्यांच्या मुलखात 'हो' दिसतं, आणि खरं सांगायचं तर तिथे दोन्हींचा अर्थ एकच होत होता. कोणत्याही बाजूने हलवली असती तरी मान अडकलीच असती.

ताट सरकवून मी बाहेर आले. फाटक उघडं होतं, बाहेर रिक्षा उभ्या होत्या, कोणी अडवलं नसतं. पण जायचं कुठे? सही करून आले होते. संध्याकाळी खोलीतल्या आरशात गॉगल लावून पाहिला. चेहरा आमच्या पहिलीतल्या पोरांसारखा दिसत होता, सगळ्याला हो म्हणून बसलेला.

मग हुशार बाईंना दुसरी युक्ती सुचली. नापास व्हायचं! नापास माणसाला कोण खुर्चीत ठेवणार? शेवटी परीक्षा होती. प्रश्न होते संस्था कशी चालवावी, शिक्षकांना कसं सांभाळावं, असले. मी उत्तरपत्रिका मराठीत लिहिली. आधी थोडं प्रश्नाला धरून लिहिलं, मग हात सुटला. लिहिलं, मला नागपूरला जायचं आहे. माझ्या मुलीला सासूबाई वेणी घट्ट घालतात, तिचं कपाळ दुखतं. मी फसले आहे आणि ते सांगायला मला इथे भाषा नाही.

निकाल लागला. मी पास. त्या पानाच्या कडेला लाल पेन्सिलीने 'गुड' लिहिलेलं.

निजामाबादचे सर पोट धरून हसले. "मॅडम, सरकार के पैसे से कोई फेल होता क्या? आप फेल हुए तो पैसा पानी में गया बोलके उनको ऊपर लिखना पडता!"

आदिलाबादेत स्टँडवरच अध्यक्ष हार घेऊन उभे होते. शाळेत गेल्यावर मी त्यांना सांगितलं, मला हे माहीत नव्हतं, मला जाऊ द्या. त्यांनी हारातलं गळालेलं फूल उचलून टेबलावर ठेवलं.

"जा ना. मी काई तुमाले बांधून ठेवलं? पण तुमी गेल्या तं पुढची मंजुरी बंद. पोरांचं दुपारचं जेवण त्याच्यातच हाय."

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर भांडून निघाले असते.

मग शनिवारी दुपारची बस, पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर. रविवारी तीच बस उलटी. लेक मला हप्त्याहप्त्याने मोठी होताना दिसली. आधी ती विचारायची, "आई, तू परत कधी येणार?" एका रविवारी तिने विचारलं, "आई, तू परत कधी जाणार?" काही वाईट मनात नव्हतं तिच्या. तिला मैत्रिणीकडे जायचं होतं आणि मला स्टँडवर सोडल्यावर जायचं की आधी, एवढंच हवं होतं. मी म्हटलं, आधी जा. तेव्हापासून निघताना ती माझी पिशवी दाराशी आणून ठेवायची, वर पाण्याची बाटली. शहाणी पोर.

पाचवं वर्ष सरत आलं तेव्हा तीच मंजुरी पुन्हा आली. माझ्या जागी कोणीतरी ट्रेनिंगला जाऊन अडकलं, तरच पोरांचं जेवण न तुटता मी सुटणार होते. शाळेतल्या शिक्षकांना मी सगळं खरं सांगितलं, अटीसकट. एकाच्या आईला अचानक दम्याचा त्रास सुरू झाला, दुसरीचं लग्न ठरलं, जे महिनाभरात मोडलंही.

त्या आठवड्यात अध्यक्षांची सून मुलांना बुंदी वाटायला आली. अमरावतीची, बी.एड. झालेली, लग्नानंतर तिला देवळाखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. झारा हातात धरून ती हळूच म्हणाली, "बाई, ते पाच वर्षांचं ऐकलं. मधून कोणी काढून नेऊ शकत नाही?"

"नाही गं. पक्कं असतं."

"घरचे?"

"घरचे नेतील, पण मग मंजुरी जाईल."

तिने बुंदीचा एक झारा वाटला, दुसरा वाटला. मग म्हणाली, "दहाचं नसतं का?"

मी अध्यक्षांकडे गेले. ते ओरडलेच. "आमची सून? घरचं काम कोण करन?"

"जाण्यायेण्याचं, राह्यण्याचं, खाण्याचं, सारं मंजुरीतून," मी म्हटलं. "काऊन सोडता? आणि कोणी गेलं नाही तर पोरांचं जेवण बंद. हो ना?"

त्यांनी शेवटी मान हलवली.

"मान नका हलवू," मी म्हटलं. "काय कळलं ते सांगा."

ती ट्रेनिंगहून आली, खुर्चीत बसली, आणि मी ट्रंक बांधून नागपूरला गेले. लेक अकरा वर्षांची झाली होती, वेणी स्वतःची स्वतः घालत होती, सैल. मी तिला समोर बसवून सांगितलं, "आता आई कायमची आली. कळलं?"

तिने मान हलवली.

ती मान मी ओळखत होते. पण दंड धरला नाही.

रविवारी दुपारी तिने माझी पिशवी दाराशी आणून ठेवली, वर पाण्याची बाटली. काय कळलं होतं ते करून दाखवलं.

मी बाटली काढून तिच्या हातात दिली, पिशवी उचलली आणि बाजारात जाऊन तिच्यात कांदे भरून आणले.