मादम्माच्या गुडघ्यासाठी

उजवा खांदा असा धरला होता की वेणी घालायची तर मानच हाताकडे न्यावी लागे. डॉक्टर, शेक, व्यायाम, सगळं करून झालं. नजरबादच्या आमच्या गल्लीतले शिंपी म्हणाले, "बिळिगिरी बेट्टाच्या डोंगरावर एक अज्जी झाडपाल्याचं औषध देते. पण एकट्या नका जाऊ अक्का, सुम्मने, उगाच त्रास." हे गेल्यापासून मी घरात एकटीच. बरोबर कोणाला नेणार? निघाले.

सकाळचीच बस गाठा, नंतरच्या बसचा भरवसा नाही. साध्या बसला बायकांना आधार कार्डावर तिकीट फुकट. कंडक्टरने "ओब्बरेना?" म्हणजे एकट्याच का, असं विचारलं आणि मी उगाच चिडले. वाटेत यळंदूरला इडली खाऊन घ्या, वर जेवण मिळेपर्यंत दुपार होते. घाट सुंदर आहे. सगळे एकमेकांना खिडकीबाहेरचं दाखवत होते, मी आपली एकटीच बघत होते.

डोंगरावरच्या देवळाच्या अलीकडे सोलिगांची, म्हणजे तिथल्या आदिवासींची, वस्ती आहे. तिथे ती अज्जी, मादम्मा, अंगणात झाडाची साल सोलत बसली होती. कन्नडमध्ये माझं सगळं ऐकून घेतलं, खांदा दाबून पाहिला, आणि औषध देणार नाही म्हणाली. तिच्या घरची रीतच तशी. ज्याचं दुखतं त्याने मागायचं नाही. त्याच्या माणसाने मागायचं, आणि मागणाऱ्यानेच लावायचं. बरोबर कोण आलंय? कुणी नाही. घरी? कुणी नाही. एवढा घाट चढून हेच सांगायला आले होते का, असं वाटून डोळे भरून आले, आणि त्याची लाजही वाटली.

मी उठले तशी तीही उठली, भिंत धरून, पाय ओढत. गुडघा टम्म सुजलेला. स्वतः का लावत नाहीस, मी विचारलं. मुलगा-सून कुर्गला कॉफीच्या मळ्यात होते.

"येणारा प्रत्येक जण आपल्या माणसासाठी मागतो," ती म्हणाली. "माझ्यासाठी कोण मागणार?"

मी परत बसले. "मादम्माच्या गुडघ्यासाठी औषध द्या," मी मादम्मालाच म्हटलं. ती दात नसलेलं बोळकं उघडून हसली. तिने दिलेली वाटलेली साल मी डाव्या हाताने तिच्या गुडघ्याला लावली. मग तिने माझं नाव विचारलं आणि परसातल्या झाडाकडे तोंड करून माझ्यासाठी औषध मागितलं. तिचा खरखरीत हात पाठीवर फिरला तेव्हा लक्षात आलं, हे गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हातच लागला नव्हता. मी रडले. ती लावत राहिली.

पैसे घेत नाही, पान-सुपारी न्या.

घरी आल्यावर खांदा काही दिवस हलका होता, आता पुन्हा धरलाय. तिने दिलेली पुडी कपाटात आहे. लावायला कुणाला सांगावं, ते ठरत नाही. डॉक्टर सोडून तिकडे जा, असं मी म्हणणार नाही. पण बेट्टाला गेलात तर, तुमचं काही दुखत नसलं तरी, तिच्या अंगणात बसा. तिच्या गुडघ्यासाठी औषध मागा. आणि लावल्याशिवाय निघू नका.